'ळ' कीबोर्डमध्ये नसतोच

गेल्या महिन्यात आमच्या इथल्या मराठी शाळेच्या पालकसभेत एक प्रस्ताव आला. शाळेच्या शिल्लक निधीतून, आणि कमी पडेल तेवढी पालकांकडून वर्गणी काढून, मुलांसाठी 'खरा मराठी कीबोर्ड' बनवून घ्यायचा. बाजारातला नव्हे, आपण स्वतः आखलेला. सर्किट बोर्ड आपला, मांडणी आपली, प्रत्येक कळीवर देवनागरी अक्षर छापलेलं, आणि 'क'ची कळ दाबली की पडद्यावर 'क' हजर. प्रस्ताव मांडणारा मित्र तरुण आहे, हुशार आहे आणि मराठीसाठी मनापासून धडपडणारा आहे. त्याने स्वतः जुळवलेला एक कीबोर्ड सोबत आणला होता. ॲल्युमिनियमची पेटी, उचलली तर वरवंटा आठवावा इतकी जड. त्याने दोन ओळी टाइप करून दाखवल्या आणि त्या भरीव 'ठक ठक' आवाजाने खोलीतले सगळे बाबा लोक खुर्च्या पुढे ओढून बसले.

विरोध करणारा मी एकटाच होतो. मला बोलायला पाच मिनिटं मिळाली आणि त्यातल्या तीन मिनिटांत चहा आला. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मराठी लिहिण्यासाठी नवा कीबोर्ड बांधणं हा पैशाचा, वेळेचा आणि सगळ्यात वाईट म्हणजे उत्साहाचा अपव्यय आहे. घरात जो कीबोर्ड आहे त्याचीच मांडणी बदला. ती संगणकात आधीपासून आहे, फुकट आहे आणि एकदा बोटांत बसली की जगातल्या कुठल्याही संगणकावर तुमच्यासोबत येते.

मी हे कुंपणावर बसून बोलत नाही. हा गुन्हा मी स्वतः केलेला आहे, तेव्हा आधी तो कबूल करतो.

चार वर्षांपूर्वी मलाही असाच झटका आला होता. मराठी लिहायचं तर साधन कसं अस्सल हवं! मी दोन तुकड्यांचा, ४२ कळांचा कीबोर्ड जुळवायला घेतला. प्रत्येक स्विचमागे एक डायोड, म्हणजे ४२ डायोड डाग देऊन बसवायचे. त्यातले दोन उलटे बसले आणि त्या दोन कळा मुक्या राहिल्या. त्या शोधण्यात एक शनिवार-रविवार गेला. मग स्विच कुठले, यावर महिनाभर वाचन. सरळ खाली जाणारे, मध्येच अडखळल्यासारखे वाटणारे, की टिकटिक वाजणारे? मग त्यांना वंगण. मग टोप्या कुठल्या प्लास्टिकच्या, कुठल्या उंचीच्या. टोप्यांवर देवनागरी अक्षरं छापून यायला आणखी अडीच महिने. एकूण सात महिने आणि ४३० डॉलर. या सात महिन्यांत मी मराठीत एक ओळही लिहिली नाही. कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं: "कीबोर्ड तयार होतोय."

याच काळात बाबा दर रविवारी मला ईमेल लिहीत होते, देवनागरीत. बाबा तहसील कचेरीत कारकून होते. मराठी टंकलेखनाची ३० शब्दांची आणि मग ४० शब्दांची परीक्षा त्यांनी खडखडणाऱ्या मशीनवर दिलेली. निवृत्तीनंतर, वयाच्या ६७व्या वर्षी, मशीनची जुनी सवय मोडून ते संगणकावरची इनस्क्रिप्ट मांडणी शिकले. एका जुन्या, दोन कळांवरची अक्षरं पुसून गेलेल्या, कचेरीतून लिलावात निघालेल्या कीबोर्डवर. आणि मी, ज्याचा पगारच संगणकातून निघतो, त्यांना रोमन लिपीत उत्तरं देत होतो.

आई सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला ओळखता येतात, दुकानांच्या पाट्या वाचते. पण रोमन लिपीतलं मराठी तिला वाचता येत नाही. अक्षर अक्षर जुळवत बसते आणि दुसऱ्या ओळीला सोडून देते. म्हणून माझी पत्रं बाबा तिला वाचून दाखवायचे. त्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि मला व्हिसाच्या भानगडीमुळे जाता येणार नव्हतं. मी तिला माफी मागणारं पत्र लिहिलं. लेकाने आईची मागितलेली माफी तिला नवऱ्याच्या तोंडून ऐकावी लागली. फोनवर ती काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तू लिहिलंयस ते मला मला वाचता आलं असतं तर बरं झालं असतं रे."

माझ्या लॅपटॉपमध्ये मराठी मांडणी तेव्हाही होती. सेटिंगमध्ये जाऊन चालू करायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी सात महिन्यांत काढली नव्हती, कारण मी कीबोर्ड बांधण्यात गुंतलो होतो.

आता मुद्द्यावर येतो. 'क'ची कळ दाबली की 'क' उमटणारा कीबोर्ड, ही कल्पनाच चुकीच्या समजुतीवर उभी आहे. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही. तो कळीचा क्रमांक पाठवतो. यूएसबी कीबोर्डसाठी क्रमांकांची एक ठरलेली यादी आहे. तिच्यात 'ए'च्या कळीचा क्रमांक ४, 'बी'चा ५, असं करत 'एन'च्या कळीचा १७. तुम्ही ती कळ दाबली की कीबोर्ड म्हणतो, "१७ नंबर दाबला गेला." त्या १७चं 'एन' करायचं, 'ल' करायचं की आणखी काही, हे संगणकाची यंत्रणा ठरवते. त्या यादीत जपानी आणि कोरियन लोकांसाठी भाषा बदलण्याच्या काही खास कळा आहेत, पण देवनागरीचं एकही अक्षर नाही. म्हणजे तुम्ही ॲल्युमिनियमची पेटी करा, पितळेची करा, नाहीतर सागवानी करा, त्या पेटीतून 'ळ' बाहेर पडत नाही. 'ळ' कीबोर्डमध्ये नसतोच. तो संगणकाच्या मांडणीत असतो आणि तुमच्या बोटांच्या सवयीत असतो.

यावर मित्राचं उत्तर तयार होतं. "दादा, फर्मवेअरमध्ये युनिकोडची सोय आहे." आहे, खरं आहे. क्यूएमके नावाचं एक उत्तम मुक्त फर्मवेअर आहे आणि त्यात एखाद्या कळीला युनिकोडमधलं अक्षर जोडता येतं. पण ते कसं चालतं ते बघा. कीबोर्ड 'ळ' पाठवत नाही. कोणीतरी माणूस भराभर बोटं चालवून 'ळ'चा युनिकोड क्रमांक टाइप करतो आहे, असं तो सोंग करतो. लिनक्सवर आधी कंट्रोल-शिफ्ट-यू आणि मग ०९३३. मॅकवर ऑप्शनची कळ धरून तेच चार आकडे, पण त्याआधी एक वेगळी मांडणी निवडून ठेवावी लागते. विंडोजवर तर बहुधा एक वेगळा प्रोग्रॅमच टाकावा लागतो. एका अक्षरासाठी पाच-सहा कळांचं नाटक, आणि प्रत्येक यंत्रणेसाठी नाटक निराळं. मुलांच्या शाळेतल्या संगणकावर किंवा आपल्या ऑफिसच्या लॅपटॉपवर असले प्रोग्रॅम टाकायची परवानगी सहसा नसते. म्हणजे हा 'खरा मराठी कीबोर्ड' नेमका जिथे नेऊन लावावा तिथे मुका.

आणि अक्षरं मोजा. स्वर, त्यांच्या काना-मात्रा-वेलांट्या, व्यंजनं, अनुस्वार, विसर्ग, हलन्ताचा पाय, आपला खास 'ळ', 'दुसऱ्या'तला अर्धा र, 'ॲ'. प्रत्येकाला एक कळ द्यायची म्हटली तर साठच्या वर कळा होतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाची बोटं त्यावर नकाशातलं गाव शोधल्यासारखी फिरणार. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. 'ज्येष्ठ'मधला 'ष्ठ' जुळवायचं काम फॉन्ट आणि अक्षरं मांडणारं सॉफ्टवेअर करतं, कीबोर्ड नाही.

गंमत अशी की हा साठ कळांचा प्रश्न आपल्या लोकांनी कधीच सोडवून ठेवलेला आहे, आणि तो इतका सुरेख सोडवला आहे की त्याची पुरेशी तारीफ झाली नाही याचंच मला वाईट वाटतं. इनस्क्रिप्ट ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण म्हणून पुढे आणली आणि १९९१च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. तिचं तत्त्व सोपं आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. मराठीत व्यंजनामागून स्वर येतो, म्हणून हात आलटून पालटून पडतात. 'बाबा' लिहायचं तर उजवा, डावा, उजवा, डावा. टाइपरायटरवर 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग 'क' असा उलटा प्रवास करावा लागे. इथे आपण बोलतो त्याच क्रमाने, आधी 'क' मग वेलांटी.

आता उजव्या हाताकडे नीट बघा. 'के'च्या कळीवर 'क', शिफ्ट धरली की 'ख'. तिच्या वरच्या रांगेत लगेच 'आय'वर 'ग', शिफ्ट धरली की 'घ'. शेजारी 'एल'वर 'त' आणि 'थ', तिच्या वर 'ओ'वर 'द' आणि 'ध'. पुढे च-छ, त्यांच्या वर ज-झ. ट-ठ, त्यांच्या वर ड-ढ. अलीकडे 'एच'वर प-फ आणि त्यांच्या वर 'वाय'वर ब-भ. पाच वर्ग, प्रत्येक वर्गाच्या वाट्याला दोनच कळा, एकीवर एक. वीस व्यंजनं दहा कळांत. क ख ग घ ज्याला पाठ आहे त्याला अर्धा कीबोर्ड आधीच पाठ आहे. डाव्या हातालाही तीच शिस्त. खाली ऱ्हस्व, वर दीर्घ. 'एफ'वर पहिली वेलांटी, वर 'आर'वर दुसरी. 'जी'वर पहिला उकार, वर 'टी'वर दुसरा. खाली एक मात्रा, वर दोन मात्रा. शिफ्ट धरली की मात्रेचा सुटा स्वर.

आपल्या शाळेत आपण मुलांना जी वर्णमाला घोकून घेतो, तिचं उच्चारशास्त्र या मांडणीत जसंच्या तसं उतरलं आहे. शोल्स यांच्या टाइपरायटरबरोबर १८७०च्या दशकात आलेल्या इंग्रजी क्वर्टी मांडणीत असं कुठलं शहाणपण दाखवा. आणि 'क'ची जागा एकदा कळली की गुजरातीचा 'क', बंगालीचा 'क', तेलुगूचा 'क' त्याच जागी. भारतीय लिप्यांसाठी मांडणी एकच. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींत ती आधीपासून बसलेली. आणि आपण म्हणतो, मराठीसाठी नवा कीबोर्ड शोधून काढू या!

इनस्क्रिप्टमध्ये दोष नाहीत असं मी म्हणत नाही. 'ळ' आणि 'ण' मराठीत पावलोपावली लागतात आणि दोन्ही शिफ्टवर बसवलेत. 'ळ' 'एन'वर 'ल'च्या डोक्यावर, 'ण' 'सी'वर 'म'च्या डोक्यावर. जुन्या आवृत्त्यांत 'बॅट'मधला स्वर सुटा लिहायला हिंदीचा 'ऍ' मिळतो, मराठीचा 'ॲ' मिळत नाही. 'ॲ' युनिकोडमध्येच २००८ साली आला. या गोष्टी मलाही खुपल्या. मी एकदा 'ळ' बिनशिफ्टचा करून घेतला होता. आठ दिवस फार सुखाचे गेले. मग गावी गेलो, बाबांच्या संगणकावर बसलो आणि प्रत्येक 'ल'च्या जागी भलतंच उमटायला लागलं. बाबा शेजारी बसून हसत होते. परत आल्यावर तो बदल मी काढून टाकला. जी मांडणी मला बाबांच्या खुर्चीत बसून वापरता येत नाही, ती कितीही सोयीची असली तरी माझ्या कामाची नाही.

इथेच माझा खरा वाद आहे. स्वतःची मांडणी करणं म्हणजे स्वतःपुरती बोली तयार करणं. ऑगस्ट ड्वोराक यांनी १९३६ साली पेटंट घेतलेली इंग्रजी मांडणी क्वर्टीपेक्षा चांगली की नाही यावर आजही भांडणं होतात, पण जग क्वर्टीवरच राहिलं. कारण ती प्रत्येक टेबलावर होती. लिहिण्याचं साधन चार लोकांत सारखं असण्याची किंमत फार मोठी असते. आपण ती एकदा मोजलेली आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी फॉन्ट बनवणाऱ्या प्रत्येकाची अक्षरांची आतली मांडणी वेगळी होती. आमच्या मंडळाच्या त्या काळातल्या गणेशोत्सवाच्या स्मरणिका कोणीतरी मोठ्या कष्टाने टाइप केल्या होत्या. त्यांच्या सीडी अजून आहेत. उघडल्या तर पडद्यावर नुसता चिन्हांचा चिवडा, कारण तो फॉन्ट आता कोणाकडेच नाही. कीबोर्डचं अगदी तसं होणार नाही, हे मान्य. स्वतःच्या मांडणीने लिहिलेला मजकूरसुद्धा युनिकोडमध्येच राहील आणि वाचता येईल. पण लिहिण्याची सवय मात्र त्या एका पेटीशी बांधली जाईल. पेटी बिघडली, मुलगा कॉलेजला गेला, सर्किट बोर्ड करून देणारा मित्र दुसऱ्या राज्यात गेला, की मराठी लिहिणं संपलं. चाळीस मुलांना आपण एक अशी गोष्ट शिकवणार आहोत जी त्या चाळीस पेट्यांबाहेर कुठेच चालत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो.

"मुलांना कळीवर अक्षर दिसलं पाहिजे." बरोबर. त्यासाठी पारदर्शक स्टिकर मिळतात, काही डॉलरमध्ये. तेही नको असतील तर मांडणीचा कागद छापून पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवा. माझं तर म्हणणं असं की कागदच चांगला. नजर पडद्यावर राहते, आणि बोटं हळूहळू आपली आपण चालायला लागतात. टोप्यांवर छापलेलं अक्षर मुलाला आयुष्यभर खाली बघायला शिकवतं.

"रोमनमध्ये लिहिलं की आपोआप मराठी होतं, मग इतका खटाटोप कशाला?" हा आक्षेप मित्राचा नाही, बाकीच्या पालकांचा आहे, आणि तो मला जास्त धोक्याचा वाटतो. एम-ए-एल-ए असं टाइप केलं तर ते काय? मला, मळा, माला की माळा? सॉफ्टवेअर चार पर्याय दाखवतं, नाहीतर स्वतःच एक निवडून मोकळं होतं. तुम्हा-आम्हाला मराठी येतं म्हणून आपण त्यातला बरोबर पर्याय उचलतो. इथे वाढलेल्या मुलाला ते कसं जमावं? माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती "मी केलं खाल्लं" म्हणते. तिला केळं म्हणायचं असतं. रोमनमधून लिहिताना तिला 'ल' आणि 'ळ' यांतला फरक करायची वेळच येत नाही. इनस्क्रिप्टमध्ये येते. 'केलं' आणि 'केळं' यांत एका शिफ्टचा फरक आहे, आणि ती शिफ्ट धरायची की नाही हे तिला स्वतःला ठरवावं लागतं. ठरवताना ती शब्द मनात म्हणून बघते. गेल्या आठवड्यात तिने मान वर न करता मला विचारलं, "बाबा, 'वेळ' जड की हलका?" जड म्हणजे शिफ्टवाला. तिचं ते वर्गीकरण मला कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकाइतकं मोलाचं वाटलं.

"हल्ली बोललं की टाइप होतं." होतं, आणि ज्यांचे हात थकलेत त्यांच्यासाठी ते वरदान आहे. पण ज्या मुलीला बोलताना 'ळ' जमत नाही तिने बोलून टाइप केलं तर यंत्र तिला काय शिकवणार?

"म्हणजे कीबोर्डचा छंदच वाईट?" मुळीच नाही. माझा तो दोन तुकड्यांचा कीबोर्ड अजून माझ्या टेबलावर आहे आणि मी त्याच्यावर प्रेम करतो. ज्यांची मनगटं दुखतात, खांदे आखडतात, त्यांना दुभागलेल्या कीबोर्डने खरंच बरं वाटतं. ज्यांचे हात लहान आहेत त्यांना कमी कळांचा बरा पडतो. आणि कळ चार मिलिमीटर खाली जाताना साधारण अर्ध्यावर कुठेतरी तिची नोंद होते, तो क्षण बोटाला किती हलका किंवा किती ठाम लागावा यावर रात्र रात्र चर्चा करण्यात आनंद आहे, हे मी अनुभवाने सांगतो. पण त्या आनंदाला मराठीची सेवा म्हणू नका, आणि त्याचं बिल शाळेच्या निधीवर टाकू नका. तबला बनवता येणं आणि तबला वाजवता येणं या दोन वेगळ्या कला आहेत. आपल्या शाळेचं काम वाजवायला शिकवण्याचं आहे.

ज्यांना आपल्या कीबोर्डला हात लावल्याशिवाय चैन पडणार नाही, त्यांच्यासाठी उपयोगी बदलही आहेत. अक्षरं हलवू नका, भाषा बदलण्याची कळ हलवा. आपण इथे राहणारी माणसं एका वाक्यात दोनदा इंग्रजीत जातो आणि परत येतो. त्यासाठी दर वेळी माउस उचलावा लागला तर चौथ्या दिवशी मराठी सुटतं. कॅप्स लॉक ही सगळ्यात निरुपयोगी कळ घरच्या रांगेच्या अगदी टोकाला फुकट बसून आहे, तिला हे काम द्या. मॅकमध्ये ही सोय सेटिंगमध्येच आहे. विंडोजमध्ये भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबतात. ती जोडी कॅप्स लॉकवर बसवता येते, कीबोर्डचं फर्मवेअर बदलता येत असेल तर तिथे, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉईज या मोफत साधनात. स्विच काढता-घालता येणारा कीबोर्ड असेल तर हलके, कमी आवाजाचे स्विच घाला, म्हणजे रात्री लिहिताना घरातले झोपू शकतील.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. फर्मवेअरमध्ये तुम्ही कोलमॅकसारखी वेगळी इंग्रजी मांडणी भरून ठेवली असेल, तर त्यावर इनस्क्रिप्टचा पुरता गोंधळ उडतो. कीबोर्ड कळांचे क्रमांक आधीच बदलून पाठवतो आणि संगणक त्या बदललेल्या क्रमांकांवर मराठी अक्षरं लावतो. क-ख-ग-घ एकीकडे आणि त-थ-द-ध भलतीकडे. अशांनी मराठीसाठी साध्या क्वर्टीचा एक वेगळा थर ठेवावा. माझे दोन आठवडे हे कळण्यातच गेले, तुमचे जाऊ नयेत.

आणि आता शाळेपुढे माझा पर्यायी प्रस्ताव. निधी आहे तसा राहू द्या. चाळीस मुलांसाठी चाळीस कागद छापा, ज्यांना हवेत त्यांना स्टिकर द्या. दर रविवारच्या वर्गात शेवटची पंधरा मिनिटं टंकलेखनाला. पहिला महिना फक्त घरची रांग आणि तिच्या वरची रांग. दुसऱ्या महिन्यापासून प्रत्येक मुलाने आठवड्याला चार ओळी लिहायच्या, निबंध नाही, पत्र. गावी असलेल्या आजीला, आजोबांना, आत्याला, ज्यांना रोमन लिपीतलं मराठी वाचता येत नाही अशा कुणालाही. चुका तशाच जाऊ द्यायच्या. आजी त्या सुधारून परत पाठवेल, आणि तिच्यासारखी शिक्षिका आपल्याला कुठल्याही निधीतून मिळणार नाही.

माझा मित्र हा लेख वाचेल हे मला ठाऊक आहे. त्याला माझी विनंती अशी की तुझ्या हातात कला आहे आणि तुझा शब्द मुलं ऐकतात, माझा ऐकत नाहीत. तो 'ठक ठक' वाजणारा कीबोर्ड शाळेत जरूर आण. त्यावर इनस्क्रिप्ट लाव आणि मुलांना दाखव की न बघता मराठी किती वेगाने लिहिता येतं. चाळीस पेट्यांनी होणार नाही ते एका तेवढ्या प्रात्यक्षिकाने होईल. त्यासाठी तुला आधी शिकावं लागेल, एवढंच. महिना-दीड महिना, रोज पंधरा मिनिटं. मला तेवढेच लागले, आणि मी तुझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा आहे.

बाकीच्यांना आज रात्री एवढंच करून बघायला सांगतो. संगणकाच्या सेटिंगमध्ये जा, भाषांमध्ये मराठी जोडा, इनस्क्रिप्ट निवडा. मग शिफ्ट धरा आणि 'ई' व 'आर' या शेजारशेजारच्या दोन कळा एकामागून एक दाबा. पडद्यावर 'आई' उमटेल. पुढचं पत्र तिथून सुरू करा.